थंडीत दक्षिणेला जाऊन राहावं का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले ७० वर्षांचे एक निवृत्त बँक कर्मचारी लिहितात: 'मला सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा फुप्फुसाचा जुनाट आजार आहे, दोन पंप चालू आहेत. दर डिसेंबरात धाप वाढते. गेल्या जानेवारीत धुक्याच्या दिवसांत दवाखान्यात भरती व्हावं लागलं. पत्नी ६६ वर्षांची आहे. तिला बीपीची गोळी आहे आणि थंडीत तिचे गुडघे आखडतात. माझे एक जुने सहकारी केरळात वर्कलाजवळच्या एका गावी जाऊन हिवाळा काढतात. तिथे समुद्र आहे, आयुर्वेदिक उपचारांची सोय असलेलं निवासस्थान आहे, सकाळी स्वेटर लागत नाही. ते सांगतात, दोन महिने राहून आलं की वर्षभर खोकला नाही. मला फार जावंसं वाटतं. मुलगा म्हणतो, या वयात घर सोडून परमुलखात राहिलात तर लोक आम्हालाच नावं ठेवतील, आणि काही झालं तर आम्ही पोचणार कसे? सूनबाई नोकरी करते, आठ वर्षांची नात शाळेतून आमच्याकडेच येते. पत्नी म्हणते, "तुम्ही म्हणाल तसं, पण तिथे माझं कोण आहे?" साठवणीतला पैसाही जाईल. मी फक्त स्वतःपुरता विचार करतोय का? जावं की नाही?'

काका, नमस्कार.

स्वतःपुरता विचार करतोय का, हे तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी विचारलंत, पण मला वाटतं पत्र लिहायला बसलात ते त्याच प्रश्नामुळे. श्वास नीट घेता यावा म्हणून माणूस दोन महिने जागा बदलत असेल तर त्याला चैन म्हणू नये. गेल्या जानेवारीत तुम्ही भरती होतात तेव्हा घरातले सगळेच ओढले गेले असतील. मुलाची रजा, सुनेची धावपळ, काकूंची जागरणं. ती वेळ टळली तर फायदा एकट्या तुमचा नाही. त्यामुळे अपराधी वाटणं बाजूला ठेवा, म्हणजे बाकीचं नीट दिसेल.

ग्वाल्हेरची थंडी तुमच्या छातीला काय करते ते आधी पाहू. गार, कोरडी हवा आत गेली की आधीच अरुंद झालेल्या श्वासनलिका आणखी आवळतात. त्यात डिसेंबर-जानेवारीत जमिनीलगतची थंड हवा वर उठतच नाही. वाहनांचा धूर, शेकोट्या, उघड्यावर जाळलेला कचरा, सगळं त्या थराखाली कोंडून राहतं आणि धुक्यात मिसळतं. महाराज बाड्याच्या चौकात सकाळी आठ वाजता समोरचा माणूस दिसत नाही, त्या दिवशी तुम्ही जे श्वासातून आत घेता त्यात नुसतं पाणी नसतं. सीओपीडीत फुप्फुसाचं झालेलं नुकसान भरून येत नाही, आणि असा प्रत्येक मोठा झटका माणसाला थोडा थोडा खाली आणतो. म्हणून एक जानेवारी झटक्याविना निघून जाणं हीच खरी कमाई आहे. तिकडे तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यावर जानेवारीत पहाटेसुद्धा पारा २२ अंशांच्या आसपास असतो. आपल्याकडे तो ७ अंशांच्या आसपास, कधी त्याहूनही खाली. तुमची ओढ निराधार नाही.

पण तुमच्या सहकाऱ्यांचं 'वर्षभर खोकला नाही' हे वाक्य मला थोडं थांबवतं. ते खोटं सांगत असतील असं मुळीच नाही. तिथल्या मुक्कामात त्यांच्यासाठी चार गोष्टी एकाच वेळी बदलल्या: हवा, रोजचं चालणं, जेवणाच्या वेळा, आणि वर तेल-काढ्यांचे उपचार. बरं वाटलं ते कशानं, हे त्यांना कसं कळावं? श्रेय मात्र बहुतेक वेळा उपचारांना जातं, कारण पैसे त्यांचे मोजलेले असतात.

हा गुंता जुना आहे. क्षयरोगाच्या काळात आपल्या मराठी घरांतली माणसं हवापालटासाठी पाचगणीला, मिरजेला जाऊन महिनोन्महिने राहायची. युरोपातले रुग्ण फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर मांतोंसारख्या गावी हिवाळा काढायचे. चांगली हवा, दूध-अंडी, विश्रांती हाच उपचार समजला जाई. मग औषधं आली, आणि मद्रासला १९५६ मध्ये सुरू झालेल्या क्षयरोग केंद्रानं एक धाडसी तुलना केली. काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, काहींना शहरातल्या त्यांच्या गर्दीच्या, गरीब घरांतच राहू दिलं, आणि दोघांना तीच औषधं वर्षभर दिली. १९५९ मध्ये निष्कर्ष आले. सॅनेटोरियमवाल्यांना जेवण चांगलं होतं, विश्रांती भरपूर होती, तरी बरं होण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखंच निघालं. रोग औषधांनी हटला होता. तुमचा आजार वेगळा आहे आणि त्यात हवेचा वाटा खरोखर मोठा आहे, पण या अभ्यासातला शहाणपणा तुमच्या कामाचा आहे: कोणतं काम कोण करतंय ते वेगळं ओळखावं. धाप आटोक्यात ठेवण्याचं काम तुमचे पंप करतात. वर्कलाची हवा त्यांच्यावरचा भार कमी करील, त्यांची जागा घेणार नाही. 'इथे आल्यावर पंप बंद करू' असं कोणीही, कितीही प्रेमानं सांगितलं तरी ऐकू नका.

आयुर्वेदाबद्दलही एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. केरळच्या परंपरेत उपचारांचा खरा मोसम हिवाळा नाही. तो कर्किडकम् महिना, म्हणजे साधारण मध्य जुलै ते मध्य ऑगस्ट, भर पावसाचा. तिथली घरंच्या घरं त्या महिन्यात औषधी कांजी घेतात, तेल लावून घेतात, शरीराची डागडुजी करतात. डिसेंबर-जानेवारी हा तिथे पर्यटकांचा मोसम आहे, आणि दरही त्याच हिशेबानं चढलेले असतात. हेमंतात अंगाला तेल लावावं हे अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातही आहेच, पण त्यासाठी तिळाचं तेल आणि गरम पाणी लष्करातल्या घरीही मिळतं. काकूंच्या गुडघ्यांना गरम तेलानं आणि उबदार हवेनं आराम पडेल, यात शंका नाही. झिजलेली गादी मात्र त्यानं परत येत नाही. मांडीचे स्नायू बळकट करणारे साधे व्यायाम आणि आटोक्यातलं वजन यांचा उपयोग जास्त टिकतो.

तर मग त्या गावाचं आकर्षण उरतं कशात? माझ्या मते दिवसाच्या घडणीत, आणि ते फार मोठं आकर्षण आहे. आपल्याकडे जानेवारीत तुमच्या वयाच्या माणसाचा दिवस दहा-अकराला सुरू होतो. ऊन येईपर्यंत रजईत, मग गच्चीवर खुर्ची टाकून तीनपर्यंत, आणि पाच वाजता दारं बंद. चालणं होत नाही. चालणं नाही म्हणून भूक नाही, झोप तुटक, आणि फेब्रुवारी उजाडेपर्यंत पायांतलं बळ गेलेलं असतं. तिकडे पावणेसातला उजेडात, सुती सदऱ्यात बाहेर पडता येतं. नारळीच्या वाडीतून तासभर सपाट चालणं, परत येऊन पुट्टू किंवा इडिअप्पमची न्याहारी, दुपारी झोप, संध्याकाळी पुन्हा समुद्राकडे. सीओपीडीच्या माणसासाठी रोजचं नियमित चालणं हे औषधाच्या खालोखाल महत्त्वाचं. तुमच्या सहकाऱ्यांचा खोकला कमी झाला त्यात या चालण्याचा वाटा मोठा असावा, असं मला वाटतं. याचा सरळ अर्थ असा की महागडं उपचारांचं पॅकेज न घेताही तुम्हाला हवं ते बरंचसं मिळू शकतं: महिन्याच्या भाड्यानं स्वच्छ खोली, छोटं स्वयंपाकघर, आणि हवं तर आठवड्यातून दोनदा तेल लावून घेणं. तुमच्या साठवणीच्या काळजीवर हाच उतारा आहे.

तेल लावून घेणार असाल तर तिथे रोज हजर असणारे पदवीधर वैद्य आहेत का ते विचारा, आणि पहिल्या भेटीत दोघांच्या चालू गोळ्यांची यादी त्यांच्यापुढे ठेवा. केरळच्या रीतीप्रमाणे बायकांना बायकाच तेल लावतात, हे काकूंना आधीच सांगा, संकोच कमी होईल. शिरोधारा, पिळिच्चिल ही नावं ऐकून घाबरू नका, दोन्ही तेलाचेच प्रकार आहेत. पण वमन-विरेचनासारखं शोधन, म्हणजे उलट्या-जुलाब करवून शरीर साफ करणं, या वयात, बीपीच्या गोळ्यांवर असताना, ग्वाल्हेरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, कारण त्यात अंगातलं पाणी आणि क्षार झपाट्यानं जातात. पोटात घ्यायच्या औषधांत भस्मं किंवा धातू आहेत का ते लिहून मागा. शहाळ्याचंही तसंच. काकूंची बीपीची गोळी टेल्मिसार्टनसारखी असेल, किंवा मूत्रपिंडाची काही तक्रार असेल, तर रोज दोन-तीन शहाळी पिऊ नयेत. त्यांत पोटॅशियम भरपूर असतं.

गावाची दुसरी बाजूही पाहा. वर्कलाचा तो प्रसिद्ध समुद्र कड्याखाली आहे. जांभ्या दगडाचा उंच कडा, वर हॉटेलं, आणि खाली वाळूवर उतरायला उभ्या पायऱ्या. फोटोत दिसणारी कड्यावरची खोली घेतलीत तर काकू समुद्र रोज पाहतील आणि एकदाही तिथे पोचणार नाहीत. जनार्दनस्वामी मंदिराच्या बाजूनं पापनाशम किनाऱ्याकडे रस्ता जातो. त्या अंगाला, किंवा गावापासून थोडं दूर सपाटीवर जागा बघा. ३० डिसेंबर ते १ जानेवारी वर्कलातच शिवगिरी यात्रा असते. केरळचे संत-समाजसुधारक नारायण गुरू यांच्या समाधीला पिवळ्या वस्त्रांतले यात्रेकरू लोटतात. पाहण्यासारखं दृश्य आहे, पण नवख्या गावात खोली शोधायचे ते दिवस नव्हेत. दुपारी हवा तीस-बत्तीस अंशांपर्यंत तापते आणि दमटही असते. काही दमेकऱ्यांना दमट हवेत जास्त जड वाटतं, आणि तुम्हाला ती मानवते की नाही हे तिथे राहिल्याखेरीज कळणार नाही. सकाळी अंगणात पालापाचोळा जाळायची सवय तिकडेही आहे. खोली पाहताना शेजारी काय जळतं तेही पाहा, आणि बुरशीचा वास येणारी खोली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.

या सदराच्या इतर वाचकांसाठी इथेच एक गोष्ट सांगते, कारण 'दक्षिण म्हणजे ऊब' असं पुष्कळ जण धरून चालतात. उटी, कुन्नूर, कोडाईकनाल ही आरोग्यस्थानं इंग्रजांच्या काळात वसली ती उन्हाळ्यापासून पळण्यासाठी. जानेवारीत उटीला दव गोठतं. छातीच्या रुग्णानं थंडी टाळायला तिथे जाणं म्हणजे तीच थंडी अधिक उंचीवर जाऊन घेणं. कुट्रालमचे धबधबे आणि त्यांचं स्नान प्रसिद्ध आहे, पण त्यांचा मोसम जून ते ऑगस्ट. केरळ-तमिळनाडूच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीचा पाऊस असतो, तो डिसेंबरात ओसरतो. हिवाळी मुक्कामासाठी समुद्रसपाटी आणि डिसेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीचा मध्य, एवढं ठरवलंत की अर्ध्या चुका टळतात.

आता काकूंकडे येते. त्यांच्या वाट्याला तुमच्या पत्रात एकच वाक्य आलंय आणि ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. 'तुम्ही म्हणाल तसं' याला तुम्ही होकार समजून पुढे गेलात. माझ्या कानाला तो नकार वाटतो, वाद नको म्हणून मऊ केलेला. जरा त्यांच्या जागी बसून हिवाळ्याकडे पाहा. तुमच्यासाठी ग्वाल्हेरचा हिवाळा म्हणजे धाप, पण तोच या शहराचा सगळ्यात भरलेला मोसम आहे. डिसेंबरात तानसेन समारोह, मग १९०५ पासून चालत आलेला मेळा, घरोघरी गजक आणि तिळगूळ, आणि संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू. वर्षभर स्वयंपाकघर आणि नात सांभाळणारी बाई त्या दिवसांत रोज एका घरी जाते, चार जणींत बसते, तिला नावानं हाक मारणाऱ्या मैत्रिणी भेटतात. तुम्हाला तिथे समुद्र मिळेल, सहकारी मित्र आहेत, गप्पांना माणूस आहे. काकूंना मिळेल एक खोली, न कळणारी भाषा, आणि भीती अशी की तिथेही दोन वेळचा स्वयंपाक आपल्याच गळ्यात. 'तिथे माझं कोण आहे' याचं उत्तर तुमच्याकडे असल्याशिवाय तिकीट काढू नका, असं मी कळकळीनं सांगते.

उत्तर मिळू शकतं. त्यांना एकट्यांना गाठून विचारा, मुलासमोर नको, आणि 'येतेस ना?' असं विचारू नका. विचारा की तिथे जाऊन तुला काय आवडेल, काय नको आहे, आणि इथलं काय चुकवायचं नाही. कदाचित त्या म्हणतील, स्वयंपाक नको, जेवण बाहेरून येऊ दे. कदाचित म्हणतील, माझी बहीण पंधरा दिवस आपल्याबरोबर येऊ दे. किंवा म्हणतील, तुम्ही डिसेंबरात पुढे जा, मी हळदीकुंकू उरकून येते. या शेवटच्या उत्तरानं दुखावून जाऊ नका. दोन महिन्यांतले काही आठवडे वेगळं राहणं हा चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात काही दुरावा नव्हे. फक्त तुमचं आजारपण पाहता, त्या दिवसांत तुम्ही सहकाऱ्यांच्या शेजारची खोली घ्या, रात्री हाक मारता येईल इतकी जवळ.

भाषेमुळे खरोखर कोंडल्यासारखं होईल असं काकूंना वाटत असेल, तर वर्कलाचा हट्ट सोडून कोकण बघा. गुहागर, वेळणेश्वर, दापोलीच्या अंगाला घरगुती निवासाची सोय आहे, मराठी बोलणं आहे, आंबोळी आणि सोलकढी आहे. पहाटे तिथे वर्कलापेक्षा गार असतं, पण ग्वाल्हेरच्या मानानं काहीच नाही, आणि धुराचं ते धुकं नाही. मंगला एक्सप्रेस ग्वाल्हेरहून सरळ कोकण रेल्वेवर जाते, रत्नागिरीला उतरता येतं. शिस्तीचा आहार आणि निसर्गोपचार हवा असेल तर पुण्याजवळ उरळी कांचनचा आश्रम आहे. १९४६ मध्ये गांधीजींनी सुरू केला आणि पुढे मणिभाई देसाईंनी वाढवला. पण पुण्याकडची जानेवारीची रात्र बऱ्यापैकी गार असते, म्हणून छातीपेक्षा वजन आणि गुडघ्यांसाठी ती जागा अधिक योग्य. मला विचाराल तर तुम्हा दोघांची पहिली थंडी कोकणात आणि मानवली तर पुढची केरळात, हा क्रम अधिक बरा. तुमचं मन वर्कलावर आहे हे मला दिसतंय, तरी हे सांगते.

मुलाचं 'लोक काय म्हणतील' फार मनावर घेऊ नका. ऋतू पाहून मुक्काम हलवणं ग्वाल्हेरला नवं नाही. शिंदे सरकारांचा उन्हाळी दरबार शिवपुरीला हलत असे. त्याच्या बोलण्यातला दुसरा भाग मात्र खरा आहे: काही झालं तर आम्ही पोचणार कसे. ही भीती समजावणीनं जात नाही, व्यवस्थेनं जाते. त्याला एका कागदावर सगळं द्या: राहण्याचा पत्ता, मालकाचा फोन, जवळच्या रुग्णालयाचं नाव, तुमच्या विम्यात कॅशलेस चालणारी तिकडची रुग्णालयं. वर्कला तिरुवनंतपुरमपासून ४०-४५ किलोमीटरवर आहे, तिथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयापासून मोठी रुग्णालयं आहेत. खोली घेण्याआधी रात्री दोन वाजता गाडी मिळेल का, ऑक्सिजनची सोय असलेली रुग्णवाहिका किती वेळात येते, हे मालकाला स्पष्ट विचारा. नीट उत्तर देता न येणाऱ्या मालकाकडे राहू नका. नातीच्या दुपारचा प्रश्नही तुम्ही असताना सोडवायचा आहे, निघून गेल्यावर सुनेवर टाकायचा नाही. नाताळ ते जानेवारीची सुरुवात शाळेला थंडीची सुट्टी असतेच. उरलेल्या आठवड्यांसाठी शेजारचं घर, पाळणाघर, किंवा मुलानं दुपारी लवकर येणं, जे ठरेल त्याचा खर्च तुमच्या प्रवासाच्या हिशेबात धरा. सून काही बोलली नाही म्हणजे तिला चालेल असं नव्हे. तिलाही विचारा.

मुक्काम पहिल्या वर्षी तीन आठवड्यांचाच ठेवा. दोन महिन्यांचे पैसे आगाऊ भरायला सांगणारी जागा टाळा. तीन आठवड्यांत दमट हवा मानवते का, काकू रमतात का, जेवण पचतं का, सगळं कळतं. आवडलं तर खोली वाढवता येते, नाही आवडलं तर परतीचं तिकीट हातात असतं. तुमचा त्रास धुक्याच्या ऐन दिवसांत वाढतो म्हणता, तर तानसेन समारोह आटोपला की २० डिसेंबरच्या सुमारास निघून संक्रांतीच्या पुढेमागे परतणं, ही पहिल्या फेरीसाठी बरी वेळ वाटते. वर्कलाच ठरलं तर शिवगिरीच्या गर्दीआधी तुम्ही खोलीत स्थिर झालेले असाल आणि हळदीकुंकवाचे बरेचसे दिवस काकूंना मिळतील. परतल्यावर जानेवारीचा उरलेला गारठा असेल, तेव्हा सकाळी दहाच्या आत बाहेर पडू नका.

ज्यांना जाणं शक्य नाही अशा छातीच्या रुग्णांनीही हेच पाळावं. ऊन तापल्यावर अकरा ते तीनच्या मध्ये चालावं, बाहेर एन-९५ मास्क लावावा, इन्फ्लुएन्झाची लस थंडी सुरू होण्याआधी घ्यावी आणि न्यूमोनियाविरुद्धच्या न्यूमोकोकल लसीबद्दल डॉक्टरांना विचारावं. घरातल्या घरात वऱ्हांड्यातून फेऱ्या घातल्या तरी पाय हलते राहतात. आणि बंद खोलीत कोळशाची सिगडी कधीही ठेवू नये. तिच्यातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता झोपेतच माणूस नेतो, आणि वाचलं तरी धूर छातीला जाळतोच.

केरळला जायचं ठरलं तर प्रवासाचंही नीट पाहा. केरळ एक्सप्रेस ग्वाल्हेरला थांबते आणि तिरुवनंतपुरमपर्यंत जाते, गाडीत जवळजवळ दोन दिवस जातात. नोव्हेंबरच्या मध्यापासून मकरज्योतीपर्यंत, म्हणजे १४ जानेवारीच्या सुमारापर्यंत, शबरीमलाच्या भक्तांमुळे या गाड्या भरून जातात. आरक्षण आता ६० दिवस आधी खुलं होतं, म्हणजे २० डिसेंबरच्या तिकिटासाठी २१ ऑक्टोबरला सकाळी आठला मुलाला बसवा. तुम्हा दोघांच्या वयाला खालच्या बर्थचा कोटा आहे, तो मागा. दिल्लीकडून येणारी गाडी धुक्यात तासन्‌तास उशिरा धावू शकते. घरून निघण्याआधी गाडी कुठे आहे ते पाहा, आणि फलाटावर पहाटेच्या गारठ्यात बसून राहू नका. पंप, वाफारा घ्यायचं यंत्र, आणि ठरल्या दिवसांपेक्षा पंधरा दिवस जास्तीची औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, सामानाच्या बॅगेत नाही. विमानानं जायचा विचार असेल तर आधी डॉक्टरांकडून ऑक्सिजनची पातळी तपासून घ्या. विमानात हवा विरळ असते आणि सीओपीडीच्या काही रुग्णांना ती त्रास देते.

निघण्याआधी नोव्हेंबरातच पेन्शनसाठीचा हयातीचा दाखला देऊन टाका. मोबाइलवर चेहरा दाखवूनही आता तो होतो. आणि पंप घ्यायची तुमची पद्धत छातीच्या डॉक्टरांना एकदा करून दाखवा. वर्षानुवर्षं पंप वापरणाऱ्या पुष्कळांचं बरंचसं औषध घशातच राहतं, आणि ते सुधारलं तर थंडी इथे काढा की तिथे, धाप कमी होईल.